पेठ नाक्यापर्यंत

सोमवार, २ डिसेंबर २०२४

ही वही सरकारी दवाखान्यातल्या तृप्ती मॅडमनी दिली. त्या औषध देत नाहीत, समोर बसवून बोलतात. पहिल्या पानावर नाव, वय, काम लिहायला सांगितलं. नजीर शेख, चोपन्न, ड्रायव्हर असं लिहिलं. मग ड्रायव्हर खोडून 'मेव्हण्याच्या दुकानात' लिहिलं.

मॅडम म्हणाल्या, रात्रीच्या झोपेमागे धावू नका. आधी सकाळ ताब्यात घ्या, रात्र मागून येईल. रोज एकाच वेळी उठायचं. मोबाइलला हात लावायचा नाही. कोमट पाणी, मग दहा मिनिटं श्वास: चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. मग चालणं. परत आलं की वहीत खरं खरं लिहायचं. वही कोणी वाचणार नाही, मॅडमसुद्धा नाही.

म्हणून आधी ते लिहून टाकतो. गेल्या वर्षी २८ नोव्हेंबरला, पहाटे पावणेसहाला, पेठ रोडवर माझ्या बसखाली एक बाई आली. कंपनीच्या पहिल्या पाळीच्या कामगारांना आणायला बस रिकामी चालली होती. धुकं होतं. पंचनाम्यातही धुकं लिहिलंय. बाई जागीच गेली. केस चालू आहे, लायसन्स जमा आहे.

घरी आम्ही हिंदी बोलतो, पण माझी शाळा मराठी, त्यामुळे लिहायला मराठीच येतं.

गुरुवार, ५ डिसेंबर

चारला उठलो. बायको, सितारा, पलीकडच्या खोलीत गाढ झोपलेली. हल्ली तिची कंबर दुखते म्हणून ती मुलीजवळ, रिदाजवळ, चटईवर झोपते. मी आवाज न करता श्वास केला. सहा मोजेपर्यंत हवा पुरत नाही, चारलाच संपते. स्वयंपाकघरात गेलो तर पातेल्यातलं पाणी कोमट होतं. रात्रीचं इतका वेळ गरम कसं राहिलं कोण जाणे.

चालायला निघालो. चौक मंडई, होळकर पूल, मालेगाव स्टँड, तिथून परत. नदीवर गारठा फार. मफलर नाकापर्यंत गुंडाळला.

मशीद घरापासून चाळीस पावलांवर आहे. फजरची अजान झाली तेव्हा मी पुलावर होतो.

बुधवार, ११ डिसेंबर

सात दिवस सलग जमलं. मॅडम खूश होतील.

सिताराने आज विचारलं, "डोळे मिटून बसायचं, श्वास मोजायचा, मन एका जागी ठेवायचं. मग नमाज काय वेगळी होती?"

"ही वैद्यकीय आहे," मी म्हटलं.

ती हसली नाही. म्हणाली, "अल्लासमोर खोटं बोलता येत नाही, म्हणून जात नाही का?"

मी वही घेऊन गच्चीवर आलो. खोटं काय बोललोय मी? धुकं होतंच.

गुरुवार, १९ डिसेंबर

चालणं वाढवलं. मालेगाव स्टँडवरून पुढे पेठ नाक्यापर्यंत जातो. अंतर चांगलं पडतं आणि तिथे अक्काबाईंच्या टपरीवर आल्याचा चहा कडक मिळतो. कारण एवढंच.

पेठ-सुरगाण्याकडची माणसं साडेपाचपासून नाक्यावर थांबलेली असतात. द्राक्षाचा हंगाम आहे. निफाड, दिंडोरीचे बागवाले टेम्पो घेऊन येतात आणि टोळीच्या टोळी उचलून नेतात. बायकांच्या डोक्याला फडकी, हातात डबा. दिव्याच्या खांबाखाली कोणी उभं राहत नाही. बाकी सगळी जागा भरलेली असते.

अक्काबाई चहा देता देता म्हणाली, "दादा, तुम्हाला कुठं पाहिलंय का मी?"

"नाशकातलाच आहे," म्हटलं. मफलर काढला नाही. थंडी होती.

शुक्रवार, ३ जानेवारी २०२५

वकीलसाहेबांकडे गेलो होतो. मार्चमध्ये तारीख आहे, गुन्हा कबूल आहे का म्हणून विचारतील. ते म्हणाले, "नाही म्हणायचं. धुकं, वेग कमी, बाई अचानक आडवी आली. तुम्ही लगेच उतरलात, तिला पाणी पाजलंत. सगळं तुमच्या जबाबात आहे. साक्षीदार सगळे हंगामी, निम्मे तर पत्त्यावर सापडायचे नाहीत."

उठताना म्हणाले, "आणि मयताच्या घरच्यांच्या आसपास फिरकू नका हां."

दोषारोपपत्राची प्रत माझ्याकडे आहे. मयताचं नाव भिमाबाई, वय एकतीस. पतीचं नाव सोमा. गाव सुरगाणा तालुक्यातलं. पाठ झालंय, मुद्दाम केलं नाही.

रविवार, १२ जानेवारी

आज झालं ते जसंच्या तसं लिहितो.

टपरीच्या बाकड्यावर एक माणूस शेजारी येऊन बसला. काटक, पस्तिशीचा, डोळे तांबारलेले. चहा घेतला आणि हातातच धरून बसला. साय धरली तरी पीत नव्हता.

मी म्हटलं, "निवतोय चहा."

"हां," म्हणाला. "चाचा, ध्यानच नाय राहत. रातची झोप नाय ना."

मी गाव विचारलं. त्याने सांगितलं. मग नाव विचारलं. मला विचारायचं नव्हतं, तोंडातून गेलं.

"सोमा."

पेला खाली ठेवला. उठून जायला हवं होतं. तो बोलत राहिला. "माझी बायको हितंच गेली, चाचा. त्या खांबापाशी. मागल्या साली. मी गावाला भात झोडत व्हतो, ती टोळीबरोबर म्होरं आली. दोन दिवसांनी मीबी येणार व्हतो. दवाखान्यात आलो तं झाकलेली. आताबी टोळी हितनंच उचलतात, मंग मला रोज हितंच उभं ऱ्हावं लागतं."

"मुलं?" मी विचारलं.

"एक पोरगी. आश्रमशाळेत हाय."

टेम्पोवाल्याने हाक मारली तसा तो उठला. पेला तसाच भरलेला. मी घरी कसा आलो आठवत नाही. पूल कधी ओलांडला कळलं नाही.

मंगळवार, २१ जानेवारी

परत जायचं नाही असं ठरवलं होतं. तीन दिवस गंगापूर रोडच्या बाजूला चाललो. तिकडे सगळे ट्रॅकसूट घालून पळतात, कानात वायरी. चौथ्या दिवशी पाय आपोआप पेठ नाक्याकडे वळले.

सोमा म्हणाला, "चाचा, कुठं गेले व्हते? मला वाटलं थंडीनं आजारी पडले."

मी त्याला श्वास शिकवला. दुसरं काय देणार होतो? बाकड्यावर बसून, रस्त्याकडे पाठ करून. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. सुरुवातीला त्याला हसू आलं. मग डोळे मिटले. मी त्याच्यासाठी मोजत होतो. मोजता मोजता पहिल्यांदाच माझी हवा सहापर्यंत पुरली.

गुरुवार, ३० जानेवारी

सोमा आज लांबूनच हात करत आला. "चाचा, काल झोपलो! गाडीवाल्यानं हॉर्न मारला तवा जाग आली. वरीस झालं असा झोपलो नव्हतो." त्याने माझ्या चहाचे पैसे दिले. नको म्हटलं तरी ऐकेना.

मलाही काल पाच तास झोप लागली. मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बघा, दिनचर्येचा गुण आहे हा." सोमाबद्दल सांगितलं नाही. दुसऱ्याला शिकवलं की आपलं पक्कं होतं, एवढंच बोललो. त्यांना ते आवडलं.

मला वाटतं, हे असंच चालू राहिलं तर सगळं हळूहळू बसेल. त्याला झोप, मला झोप. कोणाचं काय वाईट आहे यात?

सोमवार, १० फेब्रुवारी

सिताराच्या पोटरीवर निळा डाग दिसला. विचारलं तर म्हणाली, पलंगाचा कोपरा लागला. ती आता पलंगावर झोपतच नाही.

मी तिथेच बसलो तसं तिने सांगून टाकलं. "कंबर नाही दुखत माझी. तुम्ही झोपेत पाय मारता. उजवा. जोरात खाली दाबता, परत परत. ब्रेक दाबल्यासारखा. वर्षभर लाथा खाल्ल्या, मग रिदाजवळ गेले."

"मला का नाही सांगितलं?"

"त्या पहाटे तुमचा ब्रेक लागला नाही, तेवढं तरी झोपेत दाबू द्यावं म्हटलं."

मग आज पहिल्यांदा लिहितो. ब्रेक दाबलाच नव्हता. रस्त्यावर टायर घासल्याची खूण नव्हती, ते पोलिसांनी पाहिलं, पण दवामुळे दिसत नाही असं लिहिलं. आदल्या दिवशी दुसऱ्या पाळीला सोडून बस लावली तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. सुपरवायझर म्हणाला पहिली पाळीही तूच मार, दुसरा ड्रायव्हर नाही. मी हो म्हटलं. नाही म्हणता आलं असतं. म्हसरूळ सोडलं तेव्हा धुकं होतं, पण नाक्यावर नव्हतं. नाक्यावर दिवे साफ दिसत होते. म्हणजे दिसले असते. माझे डोळे मिटलेले होते.

शनिवार, १५ फेब्रुवारी

सोमा म्हणतो, पोरीलाही श्वास शिकवला. ती आश्रमशाळेत अंथरूण ओलं करायची, आता कमी झालंय. "चाचानं शिकवलं म्हणून सांगितलं तिला. ती म्हणते, चाचाला घेऊन ये सुट्टीत."

मी हो म्हटलं. आयुष्यात दोनदा हो म्हटलं ते चुकलं असं म्हणता येईल.

सोमवार, २४ फेब्रुवारी

सांगितलं.

काल दिवसभर ठरवत होतो. खरं बोललं की छातीवरचं उतरेल, असं मॅडमही म्हणतात. सकाळी सितारा दारात उभी होती. मी कुठे चाललोय ते न विचारता म्हणाली, "मफलर ठेवून जा." मी ठेवला.

सोमा एकटाच बाकड्यावर होता. टोळी अजून शेकोटीपाशी. मी बसलो नाही.

"सोमा, ती बस मी चालवत होतो."

त्याला पहिल्यांदा कळलंच नाही. "कंची बस?" म्हणाला. मग माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला. मी पुढचंही सांगितलं. धुकं नव्हतं. मला झोप लागली होती.

मला वाटलं तो मारेल. मी हात खिशातून बाहेर काढून ठेवले होते, मध्ये येऊ नयेत म्हणून. तो नुसता बसला. शेकोटीपाशी कोणीतरी हसलं. अक्काबाईने गॅस बारीक केला. तिने ऐकलं असावं.

मग त्याने विचारलं, "ती काय बोलली का?"

"कोण?"

"भिमा. तुमी उतरले ना? कोर्टाच्या कागदात हाय, डायव्हरनं पाणी पाजलं. मास्तरानं वाचून दाखवलं व्हतं. पाणी पाजलं तं काय बोलली आसंल. पोरीचं नाव घेतलं का?"

इथे मी खोटं बोलू शकलो असतो. हो, घेतलं, एवढंच म्हणायचं होतं. ते पुण्याचं खोटं झालं असतं की पापाचं, मला अजून ठरवता येत नाही.

"मी उतरलोच नाही, सोमा," मी म्हटलं. "दार लावून बसून राहिलो. स्टेअरिंग धरून. काच खाली केली नाही. ती हेडलाइटच्या उजेडात होती. हलत होती थोडी. बाकीचे यायला दोन-तीन मिनिटं लागली. मी बघत होतो."

टेम्पोवाल्याने हाक मारली. सोमाने डबा उचलला आणि टेम्पोत चढला. मागच्या फळीशी उभा राहिला. टेम्पो वळेपर्यंत तो मला दिसत होता. मी त्याला दिसत होतो की नाही, माहीत नाही.

घरी येऊन सिताराला सगळं सांगितलं. ती पीठ मळत होती. म्हणाली, "आता तुम्हाला झोप लागेल."

खरंच लागली. दुपारी दुकानात खुर्चीत बसल्या बसल्या लागली. इतकं हलकं कितीतरी महिन्यांत वाटलं नव्हतं.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

सोमा आला नाही. टोळीतल्या एका बाईला विचारलं. "गावाला गेला," एवढं बोलून ती दुसरीकडे जाऊन उभी राहिली. अक्काबाईने चहा दिला, पैसे घेतले, बोलली नाही. काल हलकं वाटलं त्याची आज लाज वाटते.

रविवार, २ मार्च

पहिला रोजा. चारला सगळं घर उठलेलं. रिदाने सहेरीला अंडं केलं. गल्लीत भांड्यांचे आवाज, दिवे, मुलं. एवढ्या माणसांत मी श्वास मोजायला बसलो नाही. रोजा धरलाय. नमाजला गेलो, मागच्या ओळीत उभा राहिलो. सजद्यात डोकं टेकलं आणि उचलवेना. शेजारच्याने खांद्याला हात लावला तेव्हा बाकी सगळे उठून गेलेले.

गुरुवार, ६ मार्च

सहेरी करून नाक्यावर गेलो. सोमा होता.

मी लांब थांबलो. तोच चालत आला. दाढी वाढलेली, डोळे पुन्हा तसेच, जानेवारीत होते तसे. माझ्यापासून हातभर अंतरावर थांबला. आवाज चढवला नाही.

"टोळीतल्या बाया मागंच म्हणत व्हत्या," तो म्हणाला, "गाडीतला माणूस नुसता बघत व्हता म्हणून. मी त्यांना म्हणायचो, आसं कोण बघंल? माणूस हाय का काय! त्यांच्याशी भांडलो व्हतो मी."

त्याने डबा या हातातून त्या हातात घेतला.

"तुमचं ते श्वासाचं. महिनाभर झोपलो व्हतो, चाचा. आता डोळे मिटले, मोजाया लागलो, की तुमचाच आवाज येतो. चार, पाच, सहा. मंग ती हेडलाइटमधी दिसते. आधी नाय दिसायची, मी बघितलंच नव्हतं ना. आता दिसते. हलताना."

"सोमा, मला वाटलं, खरं सांगायला पाहिजे..."

"तुमाला बरं वाटलं आसंल."

त्याने ते रागाने म्हटलं असतं तर सोसलं असतं. तो खरोखर विचारत होता. मी मान खाली घातली. हो म्हणायची हिंमत नव्हती, नाही म्हटलं असतं तर खोटं.

"पोरीला काय सांगू?" तो म्हणाला. "ती रोज करते. चाचानं शिकवलं म्हणून करते. तिला सोड म्हणू का करू दे म्हणू? सांगा ना. तुमाला लय कळतं."

टेम्पो येऊन थांबला.

"मला हितं रोज यावंच लागतं," जाताना तो म्हणाला. "तुमाला नाय. तुमी येत जाऊ नका."

सोमवार, १० मार्च

झोप पुन्हा गेलीय. चारला जागाच असतो. घरातच बसतो. तृप्ती मॅडमकडे गेलो नाही. त्यांनी फोन केला होता, उचलला नाही. त्यांचा काही दोष नाही. त्यांनी वहीत खरं लिहा म्हटलं होतं, दुसऱ्याच्या छातीवर नेऊन ठेवा म्हटलं नव्हतं.

वकीलसाहेबांना फोन केला की मी गुन्हा कबूल करणार आहे, आणि पाणी पाजल्याचं खोटं आहे तेही सांगणार आहे. ते बराच वेळ बोलले. मला कोणी धमकावलंय का, असंही विचारलं. शेवटी म्हणाले, "शेखसाहेब, अशाने त्या बाईचं काय भलं होणार आहे?"

काही नाही, हे मलाही माहीत आहे. यावेळी बरं वाटावं म्हणून करत नाही. वाटलं तर त्याचं काय करायचं, तेही माहीत नाही.

रिदाला सांगितलं. बारावीचा शेवटचा पेपर संपेपर्यंत थांबलो होतो. ती म्हणाली, "अब्बा, जेल?" मी म्हटलं, होऊ शकते. ती आत गेली. सिताराने तिच्यामागे दार लोटून घेतलं.

मंगळवार, १८ मार्च

आज तारीख होती. सिताराला नको म्हटलं तरी आली. साडेअकराला नाव पुकारलं. न्यायाधीश बाईंनी आरोप वाचला आणि विचारलं, गुन्हा कबूल आहे का?

"कबूल आहे," मी म्हटलं. मग म्हटलं, "मला झोप लागली होती. आणि मी उतरलो नाही. पाणी पाजलं नाही. जबाबात आहे ते खोटं आहे."

त्यांनी टायपिस्टला थांबवलं. मला दोनदा विचारलं, परिणाम कळतात का? मी हो म्हटलं. त्यांनी शिक्षेसाठी पुढची तारीख दिली. सगळं मिळून दहा मिनिटं लागली नसतील. वकीलसाहेब माझ्याकडे न बघता दुसऱ्या केसची फाईल काढत होते.

मागे वळलो तर शेवटच्या बाकावर सोमा होता. कधी येऊन बसला कळलं नाही. धुतलेला सदरा घातला होता, मांडीवर टोपी. माझी नजर पडली तसा तो उठला आणि बाहेर गेला. मी कठड्यापाशी सही करत होतो. सितारा त्याच्यामागे गेली.

सही करून खाली आलो तेव्हा ती फाटकाजवळ एकटीच उभी होती. बुरख्याचा नकाब तोंडावर धरलेला.

"काय बोललीस त्याच्याशी?" मी विचारलं.

"मी माफी मागायला गेले होते. त्याने बोलूच दिलं नाही. त्यानेच विचारलं."

"काय?"

"ह्यांना झोप लागते का, म्हणून."

रस्त्यावर दुपारची गर्दी होती. एका रिक्षावाल्याने विचारलं, शालिमार का? तिने हाताने नको म्हटलं.

"काय सांगितलंस?"

"खरं तेच. नाही लागत म्हटलं."

"मग?"

"'बरं' म्हणाला," सितारा म्हणाली, "आणि गेला."